‘निवांत पाईप’, पान अकरा

मामा, आमचा नंबर अठ्ठावीस आहे आणि आत्ता कुठे नववा माणूस आत गेलाय.

दौंडच्या दवाखान्यात बाकावर बसून हे लिहितेय. शेजारी आप्पा आहेत, तुमचे दोस्त, सिग्नलच्या केबिनमध्ये खटके ओढण्यात ज्यांची सगळी नोकरी गेली ते. त्यांना इथं का घेऊन आले ते सांगते, पण ओळीनं सांगते. मधलं गाळलेलं तुम्हाला चालत नसे. पिशवीत तुमच्या पुस्तकाची प्रुफं होती, एका बाजूनं कोरी. त्यांच्याच पाठीवर लिहितेय. तुम्हाला जाऊन आज चव्वेचाळीस दिवस झाले.

वाट बघणं मला जमत नाही. आतापर्यंत दोनदा उठून खिडकीवर विचारून आले. तिथली मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही इचारलं म्हणून नंबर पळणार हाय का?" मी म्हटलं, "पळाला तर बघ." आप्पा म्हणाले, "बस की गं मास्तरीण. गार्ड असता तर पाईप भरून मोकळा झाला असता." मग बसले. पाच मिनिटं झाली असतील. परत उठावंसं वाटतंय, म्हणून पेन काढलं.

आप्पांचं खरं आहे. तुमची नोकरी वाट बघण्यातच गेली. मालगाडीचा गार्ड. मागून मेल येणार असली की तुमची गाडी काष्टीला नाहीतर बेलवंडीला बाजूच्या लाईनीवर उभी करायचे. मग दोन तास, तीन तास, कुणी विचारायचं नाही. शेवटच्या डब्यात तुम्ही एकटे. एक पेटी, दोन झेंडे, एक कंदील. "पयल्या वर्षी मी येडा व्हायचा राहिलो," तुम्ही सांगितलं होतं. "सारखा खाली उतरायचो, सिग्नल बघायचो, परत चढायचो. सिग्नल काय माझ्या बघण्यानं पडतुया व्हय?" मग एका म्हाताऱ्या गार्डनं निवृत्त होताना स्वतःचा पाईप तुमच्या हातात दिला. शिकवलं काहीच नाही, नुसता दिला. तुम्ही जीभ भाजून, घसा सोलून, आपले आपण शिकलात. तेवढा त्रास पुढच्याला होऊ नये म्हणून म्हातारपणी पुस्तक लिहायला घेतलंत.

आणि वही घेऊन माझ्याकडं आलात.

शिरूरला एसटी स्टँडच्या मागं माझं टायपिंग इन्स्टिट्यूट. सात मशिनं मराठी, पाच इंग्रजी आणि त्या वर्षी नवा घेतलेला एक कॉम्प्युटर, ज्याला मी बाळासारखं झाकून ठेवायचे. दुपारची बॅच चालू होती. तुम्ही दारात उभे. पांढरी दाढी, कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत दोनशे पानी वही. मुलींची बोटं थांबली.

"मास्तरीणबाई, एक पुस्तक टाईप करायचं हाय."

"कसलं?"

"पाईप कसा वढावा. नवशिक्या मानसासाठी. सोपं, निवांत."

मागच्या ओळीत कुणीतरी फिस्सकन हसलं. मी वही उघडून बघितली. अक्षर रेल्वेच्या रजिस्टरमधल्यासारखं, सरळ.

"मामा, शिरूर तालुक्यात पाईप ओढणारे किती?"

"मला धरून?"

"धरून."

"एक."

"मग वाचणार कोण?"

"म्हणून तर ल्ह्यायचं. कुणी वाचलं तर दोन व्हतील."

मला त्या दिवशी तुम्हाला परत पाठवायला हवं होतं. माझ्या वडिलांनी निमोण्याला जन्मभर चुना-तंबाखू खाल्ली, आणि मला तंबाखूचा वाससुद्धा नको असायचा. पण तुमच्या उत्तरानं मला हसू आलं आणि मी वही ठेवून घेतली. एवढंच कारण. मोठं काही नव्हतं.

तुमच्यामाझ्यातलं भांडण पहिल्या आठवड्यातच सुरू झालं आणि ते आजही चालू आहे, निदान माझ्या बाजूनं. मी म्हणायचे, तंबाखू ती तंबाखू, विष सावकाश घेतलं म्हणून औषध होत नाही. तुम्ही म्हणायचात, रांजणगावला कंपनीच्या बसमध्ये बघ. तुमचा मुलगा युनूस तिथं शिफ्टला जायचा, त्याच्या बसमधली पोरं दर दहा मिनिटांनी गुटख्याची पुडी फाडतात, थुंकतात, परत फाडतात. "त्यांना धा मिंटं बी बसवत न्हाई. माझा पाईप अर्धा तास चालतुया. मी तंबाखू शिकवत न्हाई गं, बसायला शिकवतुया."

"मग नुसतं बसायला शिकवा की. तंबाखू कशाला?"

तेव्हा तुम्ही गप्प झालात. तीन दिवसांनी उत्तर घेऊन आलात, सायकलवरून, खास तेवढ्यासाठी. दारातूनच म्हणालात, "नुसत्या बसलेल्या मानसाला लोक काम सांगत्यात. हातात पाईप असला की सांगत न्हाईत."

मला नुसतं बसलेलं कुणी दिसलं की मी काम सांगते, हे तुम्हाला तीन दिवसांत कळलं होतं.

बारावा नंबर आत गेला. आप्पा पेंगतायत.

पुस्तक मी नुसतं टाईप केलं असतं तर दोन आठवड्यांत झालं असतं. पण सूचना कशी लिहायची यावर माझं पोट आहे. कुठलं बोट कुठल्या अक्षरावर, हे ज्याला काहीच येत नाही त्याच्या हातांनी करून बघावं लागतं. तरच सूचना बरोबर की चूक ते कळतं. मी तुम्हाला विचारलं, "हे वाचून कुणी नवख्या माणसानं करून बघितलंय का?"

"न्हाई."

"मग छापणार कसं? उद्या साडेपाचची बॅच सुटली की या. मी करून बघते."

तुम्ही डोळे मोठे केलेत. "तू?"

"शिरूरात दुसरा नवशिक्या मिळाला का तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात आणि सोबत मामींना घेऊन आलात. पुरुषमाणूस आणि एक बाई बंद दाराआड पाईप ओढतायत असं कुणी म्हणू नये, एवढी काळजी तुम्ही केलीत. मला ते सुचलं नव्हतं. मामी खुर्चीत बसल्या, पदर तोंडाला लावून, आधीच हसायला तयार. मी समोर तुमचा कागद उभा केला आणि वाचत वाचत करायला लागले. डब्यातून तंबाखू घ्या. घेतली. ओलसर होती, तुम्ही डब्यात बटाट्याची साल ठेवायचात. तळहातावर मोकळी करा. केली.

आणि पुढं माझ्या अंगठ्यानं माझं ऐकलंच नाही. लहानपणी वडिलांची तंबाखू मीच मळून द्यायचे. डाव्या तळहातावर अंगठा चालायला लागला, जोरात, गोल. मग उजव्या हातानं दोन थापट्या, मग फुंकर. भुगा झाला. तोच भुगा मी पाईपच्या भांड्यात भरला, वरून दाबला आणि काडी लावली. ओढ लागेना. गाल आत गेले, डोळ्यांत पाणी आलं, धूर काही येईना. तुम्ही नुसतं बघत होतात. मी जोर करून ओढलं आणि एकदम जळता भुगा जिभेवर आला. खोकला थांबेना. मामी ओरडल्या, "आगं बाई, गाडी सुटली!"

तुम्ही वही ओढून घेतलीत आणि तिथंच सहावं पान खोडून नवं लिहिलंत. ते पान मला पाठ आहे. ‘तळहातावर अंगठा चालवू नये. थापटू नये. आपल्या हाताला ती सवय आहे, म्हणून आधी अंगठ्यावर लक्ष ठेवावे. पहिली चिमूट भांड्यात नुसती सोडावी. दुसरी बोट टेकवून बसवावी. तिसरी जरा दाबून. वरून अंगठा ठेवला तर गादीसारखी दबली पाहिजे आणि परत वर आली पाहिजे.’ पुढं काडीचं. ‘पहिल्या काडीने फक्त वरचा थर काळा करावा. तंबाखू फुगून वर येईल. तिला खिळ्याच्या चपट्या डोक्याने हलके खाली बसवावे. मग दुसरी काडी. पहिली काडी वाया गेली असे समजू नये.’

तसं केलं आणि लागला पाईप. दहा मिनिटं मी तो ओढला, गरम चहा बशीतून घ्यावा तितक्या बेतानं, धूर छातीत न घेता, तुम्ही लिहिलं होतं तसा. दहा मिनिटं मी काहीही केलं नाही. मशिनांवरची कव्हरं घालायची राहिली होती आणि मी बघत बसले होते. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, आता सांगते. ती दहा मिनिटं चांगली होती. दुसऱ्यांदा पाईप मी हातात घेतला नाही, कारण मला ती फार चांगली वाटली होती.

जिभेला मात्र चांगलाच चटका बसला. चार दिवस आमटी जाईना. पाचव्या दिवशी सगळं ठीक.

आता पान अकरा.

तुमच्या वहीत तिथं लांबलचक काहीतरी होतं. ‘सुरुवातीस जिव्हेस थोडाबहुत त्रास संभवतो, तथापि वाचकांनी...’ मी म्हटलं, "मामा, हे कुणाला कळणार? आणि मला झालंय ते मी लिहिते." मी सरळ मशिनवर बसले आणि लिहिलं: ‘जिभेला चटका बसेल. घाबरू नका. चार दिवस पाईप ठेवून द्या. आपोआप बरे होते.’

तुम्ही कागद ओढून वाचलात. "हे बेस झालं. मला आसं ल्ह्यायला जमलं नसतं."

मला किती बरं वाटलं होतं, मामा. मी सकाळ-संध्याकाळ दुसऱ्यांची पत्रं, अर्ज, दाखले टाईप करते. पुस्तकात जाणारी माझी स्वतःची ती पहिली ओळ.

सतरावा. मध्ये एक बाई नंबर नसताना घुसायला बघत होती, तिला मी मागं पाठवलं. आप्पा म्हणतात मी इथंच नोकरीला लागावं.

सहाव्या पानाची परीक्षा तुम्ही पुढं दौंडलाच घेतलीत, आठवतं? रेल्वेतल्या निवृत्त माणसांच्या बैठकीच्या खोलीत. मी शिरूरहून न्हावऱ्याच्या एसटीनं कागद घेऊन आले होते. पाच म्हातारे ओळीनं बसवलेत, प्रत्येकाच्या हातावर तंबाखू ठेवलीत आणि मी पान वाचून दाखवलं. ‘तळहातावर अंगठा चालवू नये.’ पाचही जणांनी माना हलवल्या आणि पाचही अंगठे चालायला लागले. तुम्ही ओरडलात, "आरं थांबा! आत्ताच काय ऐकलं?" चौघं थांबले. आप्पा थांबले नाहीत. त्यांनी खिशातून चुन्याची डबी काढली, नखानं चुना घेतला, लावला, मळला, थापटला आणि तो सगळा ऐवज तुमच्या पाईपमध्ये भरला. तुम्ही काडी लावेपर्यंत त्यांना कळलंच नाही. पहिला झुरका घेऊन त्यांचं तोंड असं झालं की खोलीतल्या सगळ्यांनी आपापल्या चपला शोधल्या.

"गार्ड," आप्पा म्हणाले, "तुजा पाईप बिघडलाय."

तुम्ही डोळे पुसेपर्यंत हसलात. मग तो पाईप आतून साफ करायला तुम्हाला आठवडा लागला, कोंबडीची पिसं घेऊन. आतला काळा थर इतक्या वर्षांत बसलेला, तो खरवडू द्यायला तुम्ही तयार नव्हतात. मी म्हटलं होतं, आणा इकडं, राखेनं चकचकीत घासून देते. तुम्ही पाईप छातीशी धरलात.

हे सगळं सोपं होतं. आता कठीण भाग.

पुस्तक दोन वर्षं तुमच्या हातून सुटलं नाही. दर महिन्याला एक पान बदलायचात. मला राग यायचा. छापून मोकळं व्हा, मी म्हणायचे. गेल्या वर्षी दिवाळीत तुम्ही फराळाला आमच्याकडं आलात आणि चकली हातात घेऊन परत ठेवलीत. चहा पार थंड होऊ दिलात. मी विचारलं, "दात?"

"जीभ. जरा सोललीय."

"कधीपासून?"

"गणपतीपासनं आसंल."

"दोन महिने? दाखवली का डॉक्टरला?"

आणि तुम्ही काय म्हणालात? तुम्ही हसून म्हणालात, "अकरावं पान वाच."

मी म्हटलं, "मामा, ते नवशिक्यासाठी आहे. तुम्ही नवशिके आहात का?"

"तूच ल्हिलंस. आपोआप बरं व्हतं."

मी तुम्हाला त्या दिवशी हाताला धरून न्यायला हवं होतं. आठ दिवसांनी मामी इन्स्टिट्यूटवर आल्या. "तू चल गं त्यांच्याबरुबर. माझं ऐकत न्हाईत, युनूसचं ऐकत न्हाईत. तुजं ऐकतील." सरकारी टायपिंग परीक्षा तोंडावर होती, बत्तीस मुली बसणार होत्या. मी म्हटलं, परीक्षा झाली की जाऊ. मामी ‘बरं’ म्हणाल्या आणि गेल्या. परीक्षा झाली. मग माझ्या भाच्याचं लग्न आलं. हे मी लिहितेय आणि पेन थांबतंय, पण लिहिते, कारण मधलं गाळायचं नाही.

मध्ये एकदा तुम्ही प्रुफं बघायला आलात तेव्हा मी अकराव्या पानावर एक ओळ वाढवली होती. बरं झालं नाही तर डॉक्टरकडं जा, एवढीच. तुम्ही पेन्सिलीनं ती खोडलीत. "पुस्तकात डाक्टर आला की वाचनारा पुस्तक मिटतो."

"मग मिटू दे!" मी मुलींसमोर ओरडले. "मिटू दे, मामा! जीभ तरी राहील त्याची!"

तुम्ही कागद गोळा केलेत, नीट कडा जुळवून, आणि गेलात. तीन आठवडे आला नाहीत. मीही आले नाही. तुमच्या घरापासून माझं इन्स्टिट्यूट चालत सात मिनिटं. ती सात मिनिटं मला जमली नाहीत.

शिमग्याच्या आधी युनूसनं तुम्हाला जबरदस्तीनं पुण्याला नेलं. तोवर उशीर झाला होता, हे डॉक्टरांनी त्याला सांगितलं आणि त्यानं मला. ऑपरेशननंतर तुम्हाला बोलता येईना. मी भेटायला आले तेव्हा तुमच्या मांडीवर नातवाची पाटी होती. मी इकडचं तिकडचं बोलले नाही, मला येत नाही. मी सरळ विचारलं, "मामा, ती ओळ घालू का?"

तुम्ही पाटीवर बराच वेळ काहीतरी लिहीत होतात. मग पाटी फिरवलीत. ‘चहा घे.’

मी चहा घेतला. परत विचारलं नाही. तुम्ही हो म्हणायचं टाळलंत की नाही म्हणायचं, हे मला आजही कळलेलं नाही.

बाविसावा. आप्पा आता सारखे दाराकडं बघतायत.

तुम्ही गेल्यावर वीसेक दिवसांनी युनूस आला, कंपनीच्या कपड्यांतच, शिफ्ट सुटल्यावर. "काकू, बाबांचं पुस्तक छापू. चाळिसाव्या दिवशी घरी जे येतील त्यांना द्यायचं. पण एक अक्षर बदलायचं न्हाई. त्यांनी ल्हिलंय तसंच." त्याचे डोळे लाल होते. मी हो म्हटलं. तेवीस पानं त्याच दिवशी छापखान्यात पाठवली. अकरावं माझ्या टेबलावर राहिलं. रोज छापखान्याचा माणूस फोन करायचा, बाई, एक पान कमी आहे. मी म्हणायचे, उद्या.

शेवटी मी माझ्याकडची सगळी प्रुफं आणि ते पान घेऊन मामींकडं गेले. त्या इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर बाईनं पाळायच्या मुदतीत, घराबाहेर पडत नाहीत. मराठी त्यांना वाचता येत नाही. म्हणाल्या, "वाच. मी कवा ऐकलंच न्हाई, काय ल्हिलंय ते." मी पहिल्या पानापासून वाचलं. सहाव्या पानाला त्या हसल्या, तोंडाला पदर लावून, त्या दिवशीसारख्या. अकरावं आलं. चार वाक्यं वाचली.

"परत वाच."

परत वाचलं.

"हे कुनी ल्हिलं?"

"मी."

त्या बराच वेळ चटईची काडी सोलत होत्या. मग म्हणाल्या, "रोज सकाळी मला सांगायचे, आजचा दुसरा. आजचा तिसरा. चौथ्या दिवशी पाईप घ्यायचे आन् मग परत पयल्यापासनं मोजायचे. सा महिने मोजलं गं. चार कवा झालेच न्हाईत."

हे मला ठाऊक नव्हतं, मामा. तुम्ही माझी ओळ पाळत होतात. मी समजत होते तुम्ही ती चेष्टेनं माझ्या तोंडावर फेकताय. पण तुम्ही ती सूचना म्हणून पाळत होतात. ती अपुरी होती म्हणून तुम्ही तिच्यातच फिरत राहिलात.

मी मामींना विचारलं, बदलू का? युनूस नको म्हणतोय.

"त्यांचं बदलू नको," मामी म्हणाल्या. "ते न्हाई म्हनले व्हते, त्यांचं न्हाई ऱ्हाऊ दे. पर ही ओळ त्यांची कुटं हाय? तुजी हाय. तुज्या ओळीखाली तू ल्ही. आन् नाव घाल."

त्याच संध्याकाळी मी मशिनवर बसले, कॉम्प्युटरवर नाही. अकराव्या पानाच्या तळाशी आता असं आहे: ‘वरची चार वाक्ये लेखकाची नाहीत, माझी आहेत. ती माझ्या जिभेपुरती खरी होती. चार दिवसांत बरे झाले नाही तर पाचव्या दिवशी डॉक्टरांना जीभ दाखवा. या पुस्तकाच्या लेखकांनी सहा महिने दाखवली नाही. मी त्यांना नेले नाही.’ खाली माझं नाव, आणि ‘टाईप करणारी’.

चाळिसाव्याला युनूसनं पुस्तक उघडून ते पान वाचलं. मी समोरच उभी होते, जे बोलेल ते ऐकायला. जाताना त्यानं दहा प्रती मागून घेतल्या. कंपनीच्या बसमध्ये वाटायला.

तुमचा पाईप मामींनी फडताळात ठेवलाय. मला विचारत होत्या, धुऊन ठेवू का. मी म्हटलं, अजिबात नको. बघा, एवढं तरी शिकले.

पंचविसावा आत गेला. लवकर आवरते.

आज सकाळी उरलेल्या प्रती घेऊन मी दौंडला आले, त्याच बैठकीच्या खोलीत. पाचातले तिघं होते. पुस्तक हातात घेऊन त्यांनी तुमचं नाव वाचलं, बोटानं पुसलं, आतली पानं चाळली. सहाव्या पानावर आप्पा म्हणाले, "चुन्याचं न्हाई ल्हिलं त्यानं. ल्ह्यायला पायजे व्हतं." मग अकराव्यावर गेले. चष्मा वर केला, खाली केला.

"मास्तरीण, हे नुसतं पाईपवाल्यांसाठी हाय, का आमच्यासाठीबी?"

"जीभ सगळ्यांची सारखीच असते, आप्पा."

त्यांनी बाकीच्या दोघांकडं बघितलं. मग माझ्याकडं तोंड करून, अगदी हळू, जीभ बाहेर काढली. डाव्या कडेला पांढरा चट्टा. नखाएवढा.

"कधीपासून?"

"बैलपोळ्याच्या आसपास. दुखत न्हाई तसं. मी म्हनलं, जाईल आपोआप."

मी पुस्तकांचा गठ्ठा होता तिथंच टाकला. "उठा."

"आत्ता? आगं, उद्या जाऊ. उद्या माझा ल्योक..."

"आप्पा, चपला घाला."

म्हणून आम्ही इथं आहोत. काय निघेल मला माहीत नाही. काही नसेलही. ओपीडी एकला बंद होते, आता साडेबारा वाजलेत, आणि मी तुमच्यासारखं बेतानं बसायचा प्रयत्न करतेय. जमत नाही. तुम्ही आत्ता असता तर मी नव्यानं भांडले असते. म्हणाले असते, तुमच्या पुस्तकात डॉक्टर आला, मामा, तरी वाचणाऱ्यानं पुस्तक मिटलं नाही. तुम्ही तीन दिवस गप्प बसला असतात आणि मग सायकलवरून उत्तर घेऊन आला असतात. त्या उत्तराची मी अजून वाट बघतेय, हे मला आत्ता लिहिताना कळलं.

सत्ताविसावा बाहेर आला.

आप्पा म्हणतायत, "तू भाईर थांब मास्तरीण, मी येतो जाऊन. बाप्या मानसाचं..."

"जीभच दाखवायचीय, आप्पा."

अठ्ठावीस. हाक आली. कागद पिशवीत टाकते, मामा. या वेळी मी आत जातेय.